बोर्दोची वाइन : दुरून खरेदी व घरातील जपणूक

'जुने ते सोने' ही म्हण वाइनला सरसकट लावण्याची चूक पुष्कळांकडून होते. बाटली जितकी जुनी तितकी वाइन उत्तम, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुस्थिती अशी की जगात तयार होणाऱ्या वाइनपैकी फार मोठा भाग तयार झाल्यापासून दोन-तीन वर्षांच्या आत पिऊन टाकण्यासाठीच बनविलेला असतो. अशी वाइन दहा वर्षे जपून ठेवली तर तिच्यातील फळाचा ताजेपणा तेवढा नाहीसा होतो व त्याच्या बदल्यात हाती काहीच लागत नाही. बाटलीत वर्षानुवर्षे मुरून अधिक चांगली होणारी वाइन हा एक लहानसा, निवडक वर्ग आहे. या वर्गातील वाइन विकत घेणारा मनुष्य केवळ एक पेय विकत घेत नाही. तो पुढील काळावर पैसे लावतो. आज दिलेल्या पैशाचे चीज झाले की नाही, हे त्याला दहा-पंधरा वर्षांनी बाटली उघडल्यावरच कळते.

एके काळी हा व्यवहार ओळखीच्या व्यापाऱ्याच्या दुकानात, चव पाहून होत असे. आता तो बहुतांशी इंटरनेटवरून होतो. बाटली न पाहता, वाइन न चाखता, विक्रेत्याचे तोंडही न पाहता मागणी नोंदविली जाते. म्हणून या प्रकरणात दोन प्रश्नांचा एकत्र विचार करावयाचा आहे. दुरून खरेदी करताना काय तपासावे, आणि घरी आणलेली वाइन कशी जपावी? उदाहरण म्हणून फ्रान्समधील बोर्दो या प्रदेशाची तांबडी वाइन घेतली आहे. कारण दुरून खरेदी व दीर्घकाळ साठवण या दोन्हींची परंपरा तेथे सर्वांत सुस्पष्टपणे पाहावयास मिळते.

काच आणि बूच

वाइन मुरविण्याची कल्पना प्राचीन आहे. इ.स.पू. १२१ या वर्षीच्या पिकाची वाइन रोमन लोकांत विशेष नावाजलेली होती, आणि सुमारे दोन शतकांनंतर ती मधासारखी दाट व कडवट झाली असल्याचे प्लिनी या लेखकाने नमूद केले आहे. ही वाइन मातीच्या उंच कुंभांत साठविली जाई. रोमन साम्राज्याच्या अस्तानंतर ही विद्या मागे पडली. मध्ययुगात वाइन लाकडी पिंपांतून विकली जाई व पुढचे पीक येईपर्यंत संपविली जाई. कारण अर्ध्या भरलेल्या पिंपात हवा शिरून ती लवकरच आंबट होत असे. त्या काळी नवी वाइन जुनीपेक्षा महाग होती, ही गोष्ट आज आश्चर्याची वाटेल.

हे चित्र बदलले ते इंग्लंडमधील काचेच्या भट्ट्यांमुळे. जहाजबांधणीसाठी लाकूड वाचावे म्हणून राजा पहिला जेम्स याने १६१५ साली काचेच्या भट्टीत लाकूड जाळण्यास मनाई केली. कारागीर दगडी कोळशाकडे वळले. कोळशाची आच अधिक प्रखर असल्यामुळे काच अधिक जाड, मजबूत व गडद रंगाची होऊ लागली. अशा बाटलीच्या तोंडात घट्ट बसेल असे बूच मिळाल्यावर वाइन हवेपासून दूर ठेवता येऊ लागली. अठराव्या शतकात बाटलीचा आकार बुटक्या गोळ्यासारखा न राहता नळकांड्यासारखा झाला. ती आडवी रचता येऊ लागली, तिच्यातील बूच आतून ओले राहू लागले, आणि वाइन बाटलीत वर्षानुवर्षे टिकण्याची सोय झाली.

वाइनसाठीचे बूच ओकच्या एका विशिष्ट जातीच्या सालीपासून करतात. जगातील बुचांपैकी सुमारे निम्मे पोर्तुगालमध्ये होतात. झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाल्यावर त्याची साल प्रथम काढतात व त्यानंतर दर नऊ वर्षांनी. पहिल्या दोन वेळची साल वाइनच्या बुचांना योग्य नसते. म्हणजे आपण सहज फेकून देतो त्या बुचामागे चार दशकांहून अधिक काळाची प्रतीक्षा असते.

मुरणे म्हणजे काय

लोणचे मुरते म्हणजे मीठ, आंबटपणा व मसाला फोडीत उतरून सर्वांची मिळून एक चव होते, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. वाइनचे मुरणे याहून वेगळे असले तरी तेथेही वेगवेगळे जाणवणारे घटक हळूहळू एकजीव होतात, हे साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे.

तांबड्या वाइनचा रंग व तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून व बियांतून येतो. तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांना टॅनिन म्हणतात. कोऱ्या चहाचा घोट घेतल्यावर जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते, तोच टॅनिनचा परिणाम होय. बाटलीत टॅनिनचे व रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होत जातात. त्यांपैकी काही इतके मोठे होतात की ते विरघळलेल्या अवस्थेत राहू शकत नाहीत. ते तळाशी साका होऊन बसतात. म्हणूनच तांबड्या वाइनचा जांभळट रंग काळाबरोबर विटकरी होतो, तुरटपणा मवाळ होतो व जुन्या बाटलीच्या तळाशी काळसर थर दिसतो. हा थर दोष नव्हे. दुसरीकडे आम्ल व मद्यार्क यांच्या संयोगातून नवी सुगंधी द्रव्ये तयार होतात. ताज्या फळाचा वास मागे पडतो व त्याच्या जागी सुकी फळे, तंबाखू, कमावलेले कातडे, ओली पाने यांची आठवण करून देणारे गंध येतात.

या बदलांत प्राणवायूचे स्थान काय, याचा पहिला पद्धतशीर अभ्यास लुई पास्तर यांनी केला. फ्रेंच वाइन परदेशी पोचेपर्यंत बिघडते, या तक्रारींवरून सम्राट तिसरा नेपोलियन याने त्यांच्याकडे हे काम सोपविले होते. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पास्तर यांनी दाखविले की प्राणवायूचा अतिरेक वाइनचा नाश करतो. मात्र त्याचा अगदी मंद व अल्प शिरकाव तिला परिपक्व करतो. वाइन जपण्याचे जवळजवळ सर्व नियम या एका तत्त्वातून निघतात.

यावरून हेही उघड होईल की मुरण्याला योग्य वाइनमध्ये मुळातच भरपूर सामग्री असावी लागते. पुरेसे टॅनिन, पुरेसे आम्ल व पुरेसा फळाचा गर, या तिन्हींचा तोल तिच्यात हवा. काळ हा शिल्पकार नाही. दगडात नसलेली मूर्ती तो घडवू शकत नाही. कमकस वाइन जुनी झाली तर ती केवळ म्हातारी होते.

बोर्दोचा प्रदेश व त्याची बाजारपेठ

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गारोन व दोर्दोन्य या नद्या एकत्र येऊन जिरोंद ही विस्तीर्ण खाडी बनते. खाडीच्या व गारोनच्या डाव्या तीरावर खडेमिश्रित जमीन आहे. पाणी चटकन निचरून जाणाऱ्या या जमिनीत काबर्ने सोव्हिन्यों ही जाड सालीची, भरपूर टॅनिन असलेली द्राक्षे चांगली पिकतात. पोयाक, मार्गो, सें-ज्युलियें ही गावे याच भागातील. उजव्या तीरावर सें-तेमिल्यों व पोमरोल येथे मेर्लो या अधिक मऊ जातीचे प्राबल्य आहे. बहुतेक सर्व तांबड्या वाइन या व इतर काही जातींच्या मिश्रणाने बनतात. किण्वनानंतर ती २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत साधारणतः दीड ते दोन वर्षे ठेवतात व मग बाटल्यांत भरतात. एका पिंपातून सुमारे ३०० बाटल्या निघतात.

दुरून खरेदी करणे हा या प्रदेशाचा जुना धर्म आहे. लंडनमधील एका खानावळीत ओ-ब्रियों या मळ्याची वाइन चाखल्याची नोंद सॅम्युएल पीप्स याने १० एप्रिल १६६३ रोजी आपल्या रोजनिशीत केली. विशिष्ट मळ्याच्या नावाने विकल्या गेलेल्या बोर्दो वाइनच्या अगदी सुरुवातीच्या उल्लेखांपैकी हा एक होय. अमेरिकेचे राजदूत म्हणून फ्रान्समध्ये असताना थॉमस जेफरसन यांनी १७८७ साली बोर्दोला भेट दिली. भेसळीच्या भीतीने वाइन व्यापाऱ्याकडून न घेता थेट मळेवाल्याकडून मागवावी, असा त्यांचा आग्रह असे. माल खरा असेल कशावरून, हा आजच्या ग्राहकाचा प्रश्न जेफरसन यांनाही पडला होता.

त्या प्रश्नाला बोर्दोने दोन उत्तरे दिली. पहिले म्हणजे १८५५ चे वर्गीकरण. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी प्रमुख मळ्यांच्या पाच श्रेणी लावल्या. त्यांचा निकष अनेक वर्षांच्या बाजारभावाचा होता. पहिल्या श्रेणीत लाफित, लातूर, मार्गो व ओ-ब्रियों हे चार मळे होते. १९७३ साली मूतों-रोथशिल्ड याची त्यांत भर पडली. दुसरे उत्तर म्हणजे मळ्यावरच बाटली भरणे. पूर्वी पिंपे शहरातील व्यापाऱ्यांकडे जात व बाटल्या तेथे भरल्या जात, त्यामुळे मिश्रणास वाव राही. मूतोंचे तरुण मालक फिलिप द रोथशिल्ड यांनी १९२४ पासून संपूर्ण पीक मळ्यावरच बाटलीबंद करण्यास सुरुवात केली, आणि वर्गीकृत मळ्यांना १९७२ च्या पिकापासून तसे करणे बंधनकारक झाले.

आगाऊ खरेदीचा हिशेब

बोर्दोमध्ये वाइन बाटलीत भरण्यापूर्वीच विकण्याची प्रथा आहे. शरद ऋतूत द्राक्षे खुडली जातात. पुढील एप्रिलच्या सुमारास पिंपातील कच्ची वाइन समीक्षक व व्यापारी चाखतात, त्यानंतर भाव जाहीर होतो व ग्राहक पैसे भरतो. बाटल्या मात्र सुमारे दोन वर्षांनी हाती येतात. १९८२ च्या पिकाची अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली, त्या वाइनचे भाव पुढे अनेक पटींनी वाढले, आणि आगाऊ खरेदी म्हणजे हमखास नफा अशी समजूत पसरली.

पुढील अनुभवाने ती खोटी ठरविली. २००९ व २०१० ही दोन्ही पिके उत्कृष्ट होती. परंतु त्यांचे आरंभीचे भाव इतके चढे होते की नंतर बाजार उतरल्यावर अनेकांना तीच वाइन पूर्वी दिलेल्या किमतीपेक्षा स्वस्तात विकली जाताना पाहावी लागली. एप्रिल २०१२ मध्ये लातूर या मळ्याने आगाऊ विक्रीतून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. पिण्याजोगी झालेली वाइन आपल्याच तळघरातून बाहेर काढावी, असे धोरण त्याने स्वीकारले.

सामान्य ग्राहकाने येथे व्याजाचा साधा हिशेब करावा. समजा, एका बाटलीस ३,००० रुपये पडले. हीच रक्कम सात टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवली असती तर दहा वर्षांनी ती सुमारे ५,९०० रुपये झाली असती. त्यात साठवणीचा खर्च व बाटली बिघडण्याचा धोका मिळवावा. तशीच, नीट जपलेली दहा वर्षांची बाटली त्या वेळी बाजारात ५,५०० रुपयांना मिळत असेल, तर आगाऊ खरेदी करून आपण काहीच साधले नाही. जी वाइन पुढे बाजारात मिळणार नाही किंवा मिळाली तरी फार महाग पडेल, तीच तरुणपणी घेण्यात अर्थ आहे.

पडद्यावरील बाटली

इंटरनेटमुळे ग्राहकाचा एक मोठा लाभ झाला. पूर्वी आपल्या शहरातील व्यापारी सांगेल तो भाव मान्य करावा लागे. आता निरनिराळ्या देशांतील दुकानांचे भाव क्षणात समोर मांडणारी संकेतस्थळे आहेत. १९९९ साली लंडनमध्ये सुरू झालेले 'वाइन-सर्चर' हे त्यांपैकी प्रसिद्ध होय. मात्र भाव कळणे व माल कळणे यांत फरक आहे. मागणी नोंदविण्यापूर्वी पुढील गोष्टींची खातरजमा करावी.

पहिली गोष्ट, नाव पूर्ण वाचावे. मोठ्या मळ्यांची दुय्यम वाइनही असते व तिच्या लेबलावर मूळ मळ्याशी मिळतेजुळते नाव असते. 'ले फोर द लातूर' ही चांगली वाइन आहे, पण ती 'शातो लातूर' नव्हे. पिकाचे वर्ष, बाटलीचे आकारमान व बाटली मळ्यावरच भरल्याचा उल्लेख पाहावा.

दुसरी गोष्ट, वाइन आजपर्यंत कोठे राहिली हे विचारावे. मळ्याच्या तळघरातून थेट आलेली किंवा सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखालील गोदामात अखंड राहिलेली पेटी सर्वांत विश्वसनीय. इंग्लंडमध्ये अशा गोदामात वाइन असेतोवर अबकारी कर व मूल्यवर्धित कर द्यावा लागत नाही. ती बाहेर काढताना तो भरावा लागतो. म्हणून दिसणारा भाव करासह आहे की करावाचून, हेही पाहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट, जुन्या बाटलीचे छायाचित्र मागवावे व वाइनची पातळी पाहावी. बोर्दोच्या बाटलीला मान व खांदे असतात. तरुण वाइनची पातळी मानेत असते. वीस-तीस वर्षांच्या बाटलीत ती खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत उतरली तर ते स्वाभाविक आहे. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर बुचाने दगा दिला असण्याचा संभव मोठा. बूच वर उचललेले दिसणे किंवा लेबलावर ओघळाचे डाग असणे हे वाइनला उष्णता लागल्याचे लक्षण असू शकते.

चौथी गोष्ट, माल कोणत्या ऋतूत पाठविला जाणार हे ठरवून घ्यावे. वर्षभर जपलेली वाइन भर उन्हाळ्यात बंद मोटारीत दोन दिवस राहिली तर सगळे श्रम वाया जातात. चांगले विक्रेते ग्राहकाच्या विनंतीवरून हवा थंड होईपर्यंत पेटी राखून ठेवतात.

पाचवी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे विक्रेत्याची पत. अमेरिकेत बर्कली येथील 'प्रीमियर क्रू' हे दुकान युरोपातून येऊ घातलेल्या वाइनची स्वस्त दराने आगाऊ विक्री करीत असे. जानेवारी २०१६ मध्ये त्याने दिवाळखोरी पत्करली. विकलेल्या बाटल्यांपैकी पुष्कळशा कधी मागविल्याच गेल्या नव्हत्या, आणि नव्या ग्राहकांच्या पैशांतून जुन्यांच्या मागण्या पुरविल्या जात होत्या, असे उघडकीस आले. त्याच वर्षी मालकाला साडेसहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. बाजारभावापेक्षा फार कमी किंमत ही सवलत नसून सूचना असू शकते, हा यातील बोध आहे.

बनावट मालाचा धोका दुर्मीळ वाइनच्या बाबतीत विशेष असतो. डिसेंबर १९८५ मध्ये लंडनमधील एका लिलावात १७८७ च्या लाफितची एक बाटली १,०५,००० पौंडांना विकली गेली. तिच्यावर जेफरसन यांची आद्याक्षरे कोरलेली होती. पुढे त्याच संग्रहातील अन्य बाटल्यांची तपासणी झाली, तेव्हा हे खोदकाम विजेवर चालणाऱ्या हत्याराचे आहे असे तज्ज्ञांनी सांगितले. जेफरसन यांच्या बारकाईने लिहिलेल्या हिशेबांतही या बाटल्यांची नोंद सापडली नाही. २००८ मध्ये न्यूयॉर्क येथे रूडी कुर्नियावान याने बर्गंडीतील पोंसो या घराण्याच्या काही जुन्या बाटल्या लिलावास मांडल्या. त्यांपैकी काहींवर अशी वर्षे होती की त्या काळी हे घराणे ती वाइन बनवीतच नव्हते. घराण्याच्या प्रमुखाने स्वतः येऊन विक्री थांबविली. कुर्नियावान यास २०१३ मध्ये दोषी ठरविण्यात आले व पुढील वर्षी दहा वर्षांची शिक्षा झाली. श्रीमंत संग्राहकांना जे साध्य झाले नाही ते पडद्यावरील चित्रावरून आपल्याला साधेल, असे कोणी मानू नये. सामान्य ग्राहकाचे हित नव्या, मध्यम किमतीच्या व खात्रीच्या मार्गाने आलेल्या वाइनमध्येच आहे.

कायद्याची बाजूही विसरून चालणार नाही. अमेरिकेत मद्यविक्रीचे नियमन प्रत्येक राज्य करते. परराज्यातील वाइन उत्पादकांविरुद्ध पक्षपात करता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला, तरी नियमांतील भिन्नता कायम राहिली. आपल्या राज्यघटनेनुसारही मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. घरपोच विक्री, परवाना, वयाची अट व घरात बाळगावयाच्या साठ्याची मर्यादा यांबाबत आपल्या राज्याचा नियम आधी पाहावा.

घरातील जपणूक

वाइनचे शत्रू चार : उष्णता, प्रकाश, कोरडेपणा व हालचाल. त्यांत उष्णता प्रमुख. रासायनिक क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढल्यास साधारणतः दुपटीने किंवा त्याहून अधिक वाढतो. त्यातही सर्व क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत, म्हणून गरम जागी ठेवलेली वाइन लवकर परिपक्व होते असे नव्हे. ती वेगळ्याच वाटेने जाते आणि शिजल्यासारखी लागते. युरोपातील जुन्या तळघरांत वर्षभर १० ते १५ अंश सेल्सिअस तापमान असते व १२-१३ अंश आदर्श मानतात. तापमानाची स्थिरताही तितकीच महत्त्वाची आहे. दिवसा तापणाऱ्या व रात्री निवणाऱ्या जागी बाटलीतील द्रव फुगतो व आकुंचन पावतो, बुचावर आळीपाळीने दाब व ओढ पडते, आणि त्याच्या कडेने हवा आत शिरते.

हवेतील ओलावा सुमारे सत्तर टक्के असावा. फार कोरड्या हवेत बूच आकसते. फार दमट हवेत वाइनला अपाय होत नाही, पण लेबलांवर बुरशी चढते. बुचाची बाटली आडवी ठेवावी. धातूच्या फिरकीच्या झाकणाला हा नियम लागू नाही. सूर्यप्रकाश व प्रखर दिवे यांपासून बाटली दूर ठेवावी. वर उल्लेखिलेली एक लाख पाच हजार पौंडांची बाटली प्रदर्शनात दिव्यांखाली उभी ठेवली होती. उष्णतेने बूच सुकून आकसले व आत पडले.

तळघर नसलेल्या घरात काय करावे? थंड हवेच्या देशांत उत्तरेकडील भिंतीलगतचे कपाट किंवा जिन्याखालची बंद जागा काही वर्षांपुरती पुरते. स्वयंपाकघर, माळा व यंत्राजवळची जागा मात्र टाळावी. भारतातील परिस्थिती निराळी आहे. नाशिक परिसरात १९९० नंतरच्या काळात द्राक्षमळ्यांबरोबर वाइनचा उद्योग उभा राहिला. पण तेथील कारखान्यांनाही आपली तळघरे यंत्राने थंड ठेवावी लागतात. ज्या घरात उन्हाळ्यात पारा पस्तिशी ओलांडतो, तेथे वाइनसाठी बनविलेले नियंत्रित तापमानाचे कपाट नसेल तर वर्षानुवर्षे साठवण करण्याचा विचारच करू नये. नेहमीचा फ्रिज थोड्या दिवसांपुरता ठीक. त्याची हवा कोरडी, थंडी अधिक व यंत्राचा कंप सततचा. वीज वारंवार जात असेल तर कपाटाचाही भरवसा नाही. अशा वेळी व्यावसायिक गोदामात जागा भाड्याने घेणे, अथवा पिण्याजोगी झालेली बाटली गरजेपुरतीच आणणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

केव्हा उघडावी

एकच बाटली जपून ठेवणाऱ्याची नेहमीच कुचंबणा होते. आज उघडली तर घाई होईल, उद्या उघडली तर उशीर, या विवंचनेत बाटली पडून राहते. म्हणून एकाच वाइनच्या सहा किंवा बारा बाटल्या घेण्याची जुनी चाल आहे. मध्यम दर्जाच्या चांगल्या बोर्दोची पहिली बाटली पाचव्या वर्षी उघडावी. तुरटपणा कितपत आहे, फळाची चव किती शिल्लक आहे, याची दोन ओळींची नोंद वहीत तारखेसह करावी. दुसरी बाटली दीड-दोन वर्षांनी उघडावी. तुरटपणा ओसरला, सुगंध खुलला व चव तोंडात रेंगाळू लागली की उरलेल्या बाटल्यांचा काळ आला असे समजावे. रंग विटकरी होऊन फळाची चव विरू लागली व केवळ आंबटपणा जाणवू लागला, तर पुढे वाट पाहण्यात अर्थ नाही. १.५ लिटरच्या मोठ्या बाटलीत द्रवाच्या मानाने हवा कमी असल्यामुळे ती अधिक सावकाश मुरते.

जुनी बाटली उघडण्यापूर्वी एक दिवस उभी ठेवावी म्हणजे साका तळाशी बसतो. मग मानेमागे दिवा धरून स्वच्छ वाइन दुसऱ्या भांड्यात संथपणे ओतावी व साका मानेशी येताच थांबावे. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचाचा दोष समजावा. एका क्लोरिनयुक्त संयुगाच्या अत्यल्प अंशाने हा वास येतो, असे १९८१ च्या सुमारास सिद्ध झाले आहे. यात विक्रेत्याचा अपराध नसतो. पण अनेक चांगले विक्रेते अशी बाटली बदलून देतात.

एक खुलासा अवश्य केला पाहिजे. मुरण्याने वाइनमधील मद्यार्क कमी होत नाही, आणि जुनी वाइन प्रकृतीला अधिक मानवते असेही नाही. मद्याचे सर्व अपाय तिलाही लागू आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांचा समावेश १९८८ सालीच मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत केला आहे. या विद्येचे मोल प्रमाणात नसून पारखीत आहे.

सारांश, चांगली वाइन जुनी होण्यासाठी तीन हात लागतात. मळेवाल्याने तिच्यात सामग्री भरली पाहिजे, विक्रेत्याने ती प्रामाणिकपणे व थंड जागेतून पोचविली पाहिजे, आणि घेणाऱ्याने ती अंधारात, आडवी व स्थिर ठेवून धीर धरला पाहिजे. यांपैकी पहिले दोन हात आपल्या ताब्यात नसतात. त्यांची निवड तेवढी आपण करू शकतो. म्हणून खरेदीच्या दिवशी घेतलेली सावधगिरी ही पुढील दहा वर्षांच्या जपणुकीइतकीच मोलाची ठरते.